खडकवासल्याला पत्र चालत नाही

अकरावीतल्या मुलाने किंवा मुलीने 'मला एनडीएला जायचंय' असं घरात सांगितलं, की अंधेरी-बोरिवलीच्या घरांतून दोन प्रश्न हमखास निघतात. क्लास कुठला लावायचा, आणि ओळख कोणाची काढायची? दुसऱ्या प्रश्नात लबाडी असते असं मला वाटत नाही. या शहरात आयुष्य काढलेल्या माणसाचा तो अनुभव बोलत असतो. गणपतीत कोकणात जायचं तिकीट कन्फर्म होत नसेल तर खासदारांचं पत्र, इस्पितळात खाट मिळत नसेल तर आमदारांच्या कार्यालयातून फोन, दाखल्याला उशीर होत असेल तर नगरसेवकांचा माणूस. केंद्रीय विद्यालयांत तर एप्रिल 2022 पर्यंत हा रीतसर नियमच होता. प्रत्येक खासदाराला वर्षाला दहा मुलांच्या प्रवेशाची शिफारस करता येत असे. पवई आणि भांडुपला केंद्रीय विद्यालयं असल्यामुळे मुलुंड-घाटकोपरच्या पालकांना ही वाट चांगली ठाऊक होती. शाळेला पत्र चालत होतं, मग सैन्याला का चालू नये, असं त्यांना वाटलं तर नवल नाही.

सैन्याला ते चालत नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, जाण्यासाठी खासदार, आमदार, मंत्री, निवृत्त जनरल, कोणाच्याही पत्राची गरज नाही, आणि पत्र मिळालंच तर ते कुठे जोडायचं याचा रकाना अर्जात नाही. उलट, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेच्या सूचनेत गैरवर्तनाची जी यादी असते, तिच्यात लाच देऊन, दबाव आणून किंवा धमकावून आपल्या उमेदवारीला पाठबळ मिळवणं हे अगदी सुरुवातीला येतं. ते सिद्ध झालं तर उमेदवारी जाते आणि पुढच्या परीक्षांचीही दारं बंद होऊ शकतात. तरी वशिल्याचा समज जात नाही. तो का जात नाही, जगात अन्यत्र काय चालतं, आपल्याकडे पूर्वी काय चालत होतं आणि आज कोणता कागद खरोखर उपयोगी पडतो, हे एकदा नीट मांडायला हवं.

समजाला खतपाणी घालणारी एक गोष्ट परदेशातून येते. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या नातेवाइकांचा मुलगा वेस्ट पॉइंटला अर्ज करतो, आणि त्याने आपल्या भागाच्या काँग्रेस सदस्याकडे नामनिर्देशनासाठी अर्ज केल्याची बातमी फोनवरून इकडे पोचते. ती खरीच असते. वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी, अ‍ॅनापोलिसची नौदल अकादमी, कोलोरॅडोतली हवाई दलाची अकादमी आणि किंग्ज पॉइंटची व्यापारी नौवहन अकादमी या चारही ठिकाणी नामनिर्देशन लागतं. तटरक्षक दलाच्या अकादमीला मात्र लागत नाही. 1843 च्या कायद्याने ही पद्धत पक्की केली. सैनिकी अकादम्यांत काँग्रेसच्या प्रत्येक सदस्याच्या वाट्याला एका वेळी पाच जागा असतात, आणि एक जागा रिकामी झाली की तिच्यासाठी एकाहून अधिक नावं सुचवता येतात. त्याखेरीज राष्ट्राध्यक्षांचं नामनिर्देशन असतं. ते सैन्यात नोकरी करणाऱ्यांच्या मुलांसाठी.

इकडे येताना बातमीतला अर्धा भाग गळतो. नामनिर्देशन म्हणजे प्रवेश नव्हे. गुण, शारीरिक चाचणी, वैद्यकीय तपासणी हे सगळं त्यानंतरही उरतंच. बरेच सदस्य निवृत्त अधिकारी आणि शिक्षक यांची समिती नेमून मुलांच्या मुलाखती घेतात आणि मगच नावं पाठवतात. या पद्धतीमागचा विचारही समजून घ्यावा असा आहे. अधिकारीवर्ग एखाद्या प्रांताची किंवा एखाद्या वर्गाची मिरासदारी होऊ नये, दूरच्या शेतकरी भागातूनही एखादं पोर अकादमीत पोचावं, म्हणून प्रत्येक मतदारसंघाला वाटा दिला गेला. हेतू चांगला आहे. पण आपल्या देशात आमदार-खासदारांच्या हाती असा वाटा दिला असता तर त्याचं काय झालं असतं, हे सांगायला ज्योतिषी नको. केंद्रीय विद्यालयांच्या कोट्याचं काय झालं ते पुरेसं बोलकं आहे.

आपल्याकडेही एके काळी नामनिर्देशनच होतं, आणि तेव्हा ते कोणाच्या भल्याचं होतं हे आज विसरलं गेलंय. पहिल्या महायुद्धात हिंदी शिपायांनी रक्त सांडल्यावर इंग्रजांनी 1918 मध्ये सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात हिंदी तरुणांसाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या. तिथवर पोचायला सरकारदरबारची मर्जी लागे. घराण्याची राजनिष्ठा, वाडवडिलांची सरकारसेवा, जिल्हाधिकाऱ्याचं मत, राज्यपालाचा शेरा. लढाऊ जमाती कोणत्या हे इंग्रजांनी आधीच ठरवून टाकलेलं होतं, आणि शिकलेल्या शहरी घरांतल्या मुलांकडे ते संशयानेच बघत. त्या अरुंद दारातूनही काही मराठी माणसं गेली. पुढे लेफ्टनंट जनरल झालेले एस. पी. पी. थोरात 1926 मध्ये सँडहर्स्टहून कमिशन घेऊन आले. पण गिरगावातल्या कारकुनाच्या किंवा पार्ल्यातल्या शिक्षकाच्या मुलाला ती वाट जवळजवळ नव्हतीच.

पुढे सरकारनेच नेमलेल्या स्कीन समितीने देशातच लष्करी महाविद्यालय काढण्याची शिफारस केली, राष्ट्रीय नेत्यांचा रेटा वाढला, आणि 1932 मध्ये डेहराडूनला इंडियन मिलिटरी अकादमी सुरू झाली. पहिल्या तुकडीत चाळीस जण होते. पंधरा खुल्या स्पर्धापरीक्षेतून, पंधरा सैन्यातल्या शिपायांतून आणि दहा संस्थानांच्या फौजांतून. ते पंधरा मला फार मोलाचे वाटतात. अमृतसरच्या एका पारशी डॉक्टरांचा मुलगा त्या परीक्षेत सहावा आला होता. तो सॅम माणेकशॉ. कोणाचं पत्र आणायची अट असती तर तो कुठे असता, कोण जाणे. पुढे दुसऱ्या महायुद्धात अधिकाऱ्यांची एकदम मोठी गरज पडली, जुन्या पद्धतीच्या दहा मिनिटांच्या मुलाखतीतून निवडलेले लोक रणांगणावर टिकत नाहीत हे दिसलं, आणि 1943 मध्ये डेहराडूनला पहिलं निवड मंडळ प्रयोग म्हणून उभं राहिलं. आज ज्याला सगळे एसएसबी म्हणतात ती पद्धत तिथून आली. 6 ऑक्टोबर 1949 ला पंडित नेहरूंनी खडकवासल्याला कोनशिला बसवली आणि जानेवारी 1955 मध्ये प्रबोधिनीचं उद्घाटन झालं, तोवर निवडीची ही रीत पक्की झाली होती.

आता आजची रीत. आयोगाची परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. फी शंभर रुपये. मुली, अनुसूचित जाती-जमातीचे उमेदवार आणि जवान-जेसीओंची मुलं यांना तीही माफ. गणित 300 गुणांचं, सामान्य क्षमता चाचणी 600 गुणांची, आणि चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात. सुमारे चारशे जागांसाठी लाखोंनी मुलं बसतात. लेखी पास झाल्यावर एसएसबी, तीही पुन्हा 900 गुणांची. थोडक्यात, निम्मे गुण पाच दिवसांत ठरतात, आणि वशिल्याच्या सगळ्या कथा या पाच दिवसांभोवती फिरतात. म्हणून ते जरा जवळून पाहू.

मुंबईच्या मुलाला बहुधा भोपाळ, बंगळुरू, प्रयागराज असं कुठलंतरी केंद्र येतं. भोपाळ आलं तर दादर किंवा ठाण्याहून पंजाब मेल पकडायची. प्रथमच जाणाऱ्याला थ्री टायर एसीचं येण्याजाण्याचं भाडं सरकार देतं. केंद्रात कागद तपासले की अंगावर कापडी चेस्ट नंबर चढतो आणि पुढचे दिवस तो आकडा म्हणजेच तुम्ही. पहिल्याच दिवशी बुद्धिमत्ता चाचणी होते, एक धूसर चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहायला आणि मग गटात चर्चा करायला सांगतात. दुपारपर्यंत निम्म्याहून जास्त मुलं स्क्रीन आउट होऊन स्टेशनच्या बसमध्ये बसलेली असतात. जे राहतात ते एक लांबलचक माहितीपत्रक भरतात. त्यात आईवडिलांचं शिक्षण, व्यवसाय, मिळकत, भावंडं, खेळ, एनसीसी, याआधी किती वेळा येऊन गेलात, सगळं असतं.

मग मानसशास्त्राच्या चाचण्या. बारा चित्रांवर बारा गोष्टी, त्यातलं शेवटचं पान कोरं. साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, त्या शब्दावर मनात आलं ते वाक्य लिहायचं. साठ प्रसंग अर्ध्या तासात. त्यानंतर दोन दिवस मैदान. आठदहा मुलांच्या गटाला फट्टा, बल्ली आणि रस्सी देऊन अडथळ्यापलीकडे न्यायला सांगतात. लाल रंगाच्या भागाला शिवायचं नाही, सोबत एक भारही न्यायचा. इथे एखादा मुलगा मोठ्याने हुकूम सोडत राहतो आणि दुसरा काही न बोलता फट्ट्याचं टोक खांद्यावर धरून उभा राहतो, म्हणजे मागच्यांना पार होता येईल. मैदानावरचा अधिकारी काही बोलत नाही, वहीत लिहून ठेवतो. मध्ये केव्हातरी मुलाखत होते, तासभरही चालते.

या पद्धतीत वशिला कुठे घुसवायचा, याचा विचार करून पाहावा. मानसशास्त्रज्ञ उमेदवाराचं लेखन वाचतो, मुलाखत घेणारा त्याचं बोलणं ऐकतो, मैदानावरचा अधिकारी त्याचं वागणं पाहतो. मनसा, वाचा, कर्मणा असं या तिघांच्या कामाचं वर्णन मंडळातच केलं जातं. हे तिघे आपापले निष्कर्ष स्वतंत्रपणे काढतात आणि शेवटच्या दिवशी कॉन्फरन्समध्येच एकत्र मांडतात. तिघांच्या निष्कर्षांत फार तफावत आली तर चर्चा होते. एका अधिकाऱ्याला फोन करून काही साधत नाही, कारण उरलेल्या दोघांसमोर त्याला आपलं मत उमेदवाराच्या कागदांवरून पटवावं लागतं. ही पद्धत माणसांची आहे आणि माणसं चुकतात, तेव्हा ती निर्दोष असल्याचा दावा मी करणार नाही. गुणी मुलं तिथून दोनदा-तीनदा परतली आहेत आणि मग निवडली गेली आहेत. पण तिचे दोष वशिल्याचे नव्हेत, आणि पालकांनी मुलाच्या कानात 'आत सगळं सेटिंग असतं' असं सांगून त्याला पाठवणं हा त्या मुलावर अन्याय आहे. पाच दिवस मनात किल्मिष घेऊन वावरणारं पोर गटात मोकळं होत नाही.

पत्र चालत नाही म्हणजे कागदच लागत नाही असं मात्र नाही. काही दारांवर कोणीतरी नाव पुढे करावं लागतं, आणि आपली उपनगरातली घरं नेमकी तिथे बेसावध असतात.

सगळ्यात खरं नामनिर्देशन एनसीसीतलं. महाविद्यालयात तीन वर्षं काढून सी प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळवलेल्या पदवीधराला एनसीसी स्पेशल एंट्रीने लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीला जाता येतं. हा अर्ज पूर्वी युनिटच्या कमांडिंग ऑफिसरकडून ग्रुप मुख्यालयाकडे आणि तिथून वर जात असे, आता तो ऑनलाइन भरतात. मुंबईत एनसीसीचे ए आणि बी असे दोन ग्रुप आहेत. इथे मोल असतं ते अशा अधिकाऱ्याच्या शिफारशीला, ज्याने तुम्हाला सकाळी सहाच्या परेडला येताना, शिबिरात तंबू ठोकताना, थकल्यावर चिडताना पाहिलेलं असतं. अशी शिफारस मला शंभर टक्के मान्य आहे. तिची तयारी पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतानाच सुरू होते. शेवटच्या वर्षी जाग आली तर उपयोग नसतो.

दुसरा कागद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा. नाशिक रोडला महाराष्ट्र शासनाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या किंवा एनसीसीमार्फत एसएसबीचं बोलावणं आलेल्या मुलांकडून तिथे एसएसबीची तयारी करून घेतली जाते. राहणं, जेवण, शिकवणं, सगळं मोफत. तिथे जाण्याआधी आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात मुलाखतीला जावं लागतं. मुंबई उपनगर जिल्ह्याचंही असं स्वतंत्र कार्यालय आहे. प्रत्येक तुकडीच्या वेळी वर्तमानपत्रांत त्याची चार ओळींची बातमी येते आणि कोणी वाचत नाही. त्याच तयारीसाठी खाजगी क्लासला मोठी फी मोजणारे पालक मी पाहिले आहेत, आणि नाशिक रोडचं नावही त्यांनी ऐकलेलं नव्हतं.

लहान वयाची दारं वेगळी. डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजात राज्यांना जागांचा वाटा आहे. म्हणजे अमेरिकेतल्या भौगोलिक वाटणीचा आपल्याकडचा सगळ्यात जवळचा नमुना, फक्त तो लोकप्रतिनिधींच्या हाती नाही. महाराष्ट्रात ही परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद जून आणि डिसेंबरमध्ये घेते. मूल साडेअकरा ते तेरा वर्षांचं आणि सातवीत शिकत असलेलं किंवा सातवी झालेलं हवं. 1961 मध्ये निघालेली साताऱ्याची शाळा ही देशातली पहिली सैनिक शाळा. आता चंद्रपूरलाही आहे. या शाळांतल्या बहुतांश जागा राज्याच्या मुलांसाठी असतात. आणि दहावीतल्या मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था, म्हणजे एसपीआय. राज्य शासनाने ती 1977 मध्ये काढली. अकरावी-बारावीची दोन वर्षं मुलं तिथे राहून शिकतात आणि एनडीएची तयारी करतात. मुलींसाठी नाशिकला तशीच संस्था 2023 मध्ये सुरू झाली. या सगळ्या ठिकाणी लागतो तो रहिवासाचा दाखला, शाळेचं बोनाफाइड आणि जन्माचा पुरावा. लोकप्रतिनिधीच्या कार्यालयाने मदत करायचीच असेल तर अधिवासाचा दाखला वेळेत मिळवून द्यावा. तेवढ्याने एखाद्या मुलाचं वर्ष वाचतं.

उपनगरांत आणखी एक मोठी संधी वाया जाते. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीतली हजारो मुलं जेईई मेन देतात. आयआयटी नाही मिळालं की घरात सुतकी वातावरण होतं. पण सैन्याची बारावीनंतरची टेक्निकल एंट्री लेखी परीक्षेशिवाय असते. भौतिक, रसायन, गणितात साठ टक्के आणि जेईई मेन दिलेली असणं या अटी आहेत, आणि निवडलेल्याला इंजिनिअरिंगच्या पदवीसह कमिशन मिळतं. नौदलाची बी.टेक. एंट्रीही जेईई मेनच्या क्रमांकावरून एसएसबीला बोलावते. या मुलांनी अर्धी लढाई आधीच मारलेली असते. त्यांना हे सांगणारं मात्र कोणी भेटत नाही. क्लासवाल्यांच्या फलकांवर या वाटेला जागा नसते.

पत्र चालत नाही म्हणून सगळे समान झाले, असं मात्र मी म्हणणार नाही. प्रश्नपत्रिका इंग्रजीत आणि हिंदीत असते, मराठीत नसते. सामान्य क्षमता चाचणीतले 200 गुण इंग्रजीचे. एसएसबीतली गटचर्चा बहुतेक इंग्रजीतूनच रंगते. छावणीत वाढलेल्या मुलाला अधिकाऱ्यांशी बोलायची सवय असते. कांदिवलीच्या चाळीतल्या मुलाला पाचव्या दिवशी कुठे तो सूर सापडायला लागतो. शरीराचं म्हणाल तर धावायला मैदान नाही. अंधेरी पूर्वेला राहणाऱ्या मुलाने रोज पाच किलोमीटर पळायचं म्हटलं तर पहाटे साडेचारला रस्त्यावर उतरावं लागतं. त्यात मोबाइल आणि अभ्यासिकेतले दिवे यांनी डोळ्यांचा नंबर वाढलेला असतो, आणि वैमानिक व्हायचं स्वप्न एसएसबी पार केल्यावर वैद्यकीय तपासणीत मोडतं. डोळे, गुडघे, सपाट तळपाय हे दहावीतच सैन्याच्या निकषांची माहिती असलेल्या डॉक्टरला दाखवून घ्यावेत. ऐन उमेदीत नकार पचवण्यापेक्षा ते बरं.

मुलींच्या बाबतीत तर अजून माहितीच पोचलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2021 मध्ये त्यांना एनडीएच्या परीक्षेला बसू दिलं, 2022 मध्ये पहिल्या मुली खडकवासल्याला दाखल झाल्या आणि मे 2025 मध्ये त्यांतल्या सतरा जणी पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्यांच्यासाठी जागा कमी आहेत, चुरस मोठी आहे. तरी बोरिवलीच्या कितीतरी घरांत अजून 'मुलींना तिथे घेतात का?' असं विचारलं जातं.

विलेपार्ल्यात कॅप्टन विनायक गोरे यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे. 1995 मध्ये ते काश्मीरमध्ये हुतात्मा झाले. त्यांच्या आई अनुराधा गोरे यांनी नंतर सैनिकांच्या शौर्याबद्दल पुस्तकं लिहिली, शाळाशाळांतून व्याख्यानं दिली. रोज हजारो गाड्या त्या पुलावरून जातात. या उपनगरांतून अधिकारी घडतात हे सांगायला दूर जायची गरज नाही, पण त्या पुलाखालच्या शाळेतल्या मुलाला आज आपण काय देतो, असं विचारलं तर उत्तर तोकडं पडतं.

पत्र मागणाऱ्या पालकांना परत पाठवू नका, असंच मी लोकप्रतिनिधींना म्हणेन. त्यांना बसवा आणि दुसरं काही द्या. आपल्या प्रभागातलं एक मैदान पहाटे पाच ते सात मुलांना धावायला खुलं ठेवा, दिवे लावा. ज्या महाविद्यालयात एनसीसी नाही तिथे ती यावी म्हणून पाठपुरावा करा. त्याला पत्र जरूर लिहा, आणि वरचेवर लिहा. आयोगाची सूचना डिसेंबरमध्ये आणि मे महिन्यात निघते, एसपीआयचा अर्ज दहावीत असतानाच भरावा लागतो, जेईई मेन देऊन सैन्यात जाता येतं, नाशिक रोडला पैसे पडत नाहीत. कार्यालयाबाहेर वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक लागतात, तिथे वर्षातून दोन महिने या चार ओळी मोठ्या अक्षरांत लावा, आणि खाली जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा पत्ता द्या.